धोंडूतात्यांच्या घराचं पाखरू

आक्का,

तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल जे बोलले त्यातलं निम्मं खोटं होतं. उत्रोलीच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "शालनबाईंनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही." मी पंगतीत वरण वाढत होतो, हातातलं भांडं तसंच राहिलं. मी तुझा सख्खा धाकटा भाऊ. बावन्न वर्षं तुझं बोलणं खाल्लेला माणूस. तू मला ढ म्हणालीस, बिनकण्याचा म्हणालीस, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांसमोर "हा कुणाच्याही होला हो म्हणतो" असं म्हणालीस. शेवटी जे म्हणालीस ते ऐकायला त्या बाई नव्हत्या. त्यावर मी जे म्हणालो ते ऐकायलाही नव्हत्या. माझी बायको वंदना होती, पण ती कुणाला सांगणार नाही.

म्हणून लिहितोय. आता तू उलट बोलणार नाहीस आणि त्याचा मी फायदा घेतोय, हेही मला कळतंय.

रिटायर झालीस त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तू माझ्या दुकानात येऊन बसलीस. भोरच्या एसटी स्टँडजवळचं माझं डीटीपीचं दुकान तुला कधी आवडलं नव्हतं. पण त्या दिवशी पत्रिकांना आणि फ्लेक्सना नावं ठेवली नाहीस. पिशवीतून कागदाचं एक पाखरू काढलंस आणि माझ्या की-बोर्डवर ठेवलंस. शिक्षकांच्या कुठल्याशा प्रशिक्षणात तू ती घडी शिकली होतीस. चौकोनी कागद, चिकटवायचं काही नाही, कात्री नाही. शेपूट ओढली की पंख हलतात. उत्रोलीच्या पोरांना तीस वर्षं तू ते एकच पाखरू शिकवलंस.

"मला म्यूझियम करायचंय," तू म्हणालीस. "आपल्या गावाचं. कॉम्प्युटरवर."

"गावाचं काय उरलंय त्यात ठेवायला?"

"काईच न्हाई. म्हणून तर कॉम्प्युटरवर."

आपलं गाव वेल्ह्याच्या डोंगरात होतं. तू सतरा वर्षांची आणि मी दहाचा असताना ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. चौतीस घरं होती. कुणाला दौंडकडे जमिनी मिळाल्या, कुणी पुण्यात कामं धरली, आण्णा आईला आणि आपल्या दोघांना घेऊन भोरला आले. गावाचा एक फोटो कुणाकडे नाही. वस्तू होत्या त्या तिथेच सोडल्या किंवा मोडीत गेल्या. म्हणून तू ठरवलंस, एका घराचं एक पाखरू. मोबाईलवर उघडलं की सगळीकडे निळं पाणी, त्यात तू आठवून काढलेल्या गावाच्या फिकट रेघा, आणि प्रत्येक घराच्या जागी एक पाखरू बसलेलं. त्याच्यावर बोट ठेवलं की ते वळणार, एकेक घडी उलगडत सपाट कागद होणार, आणि त्या घरातल्या कुणाचा तरी आवाज ऐकू येणार.

कागद ज्याचा त्याच्या घरचा, हा तुझाच नियम. कुणी जुनी पत्रिका दिली, कुणी जमिनीच्या नोटिशीची झेरॉक्स, कुणी दवाखान्याची चिठ्ठी. एका म्हातारीने साखरेच्या पुडीचा कागद दिला आणि म्हणाली, "माज्याकडं ह्योच हाय."

"आपलं पाखरू जरा मोठं करू," मी म्हणालो. "आण्णांचा शब्द चालायचा गावात."

"चालायचा म्हणूनच न्हाई करायचं," तू म्हणालीस. "सगळी एका मापाची."

त्याच पाण्याच्या काठावरच्या तीन रिसॉर्टच्या वेबसाईट मी केल्यात, हे तुला माहीत होतं. त्यातल्या एकीवर मी लिहिलं होतं, 'पाण्याकाठी निवांत मुक्काम.' तू ते मोठ्याने वाचलंस. मग म्हणालीस, "कुणाच्या चुलीवर निवांत झोपत्यात तेबी लिही." मी लिहिलं नाही. पण पुढचे आठ महिने आपण मिळून काम केलं आणि त्या आठ महिन्यांत आपण जितकं बोललो तितकं आधीच्या सगळ्या आयुष्यात बोललो नव्हतो. वंदनाची केक फिरवायची थाळी घेऊन मी त्यावर पाखरू ठेवायचो, थोडं थोडं फिरवून फोटो काढायचो. मग तू एक घडी उलगडायचीस, मी फोटो काढायचो, पुढची घडी, पुढचा फोटो. तू कागदाकडे बघत सांगायचीस, ह्या घरातली सून कशी हसायची, ह्यांच्या म्हशीचं नाव काय होतं. एक प्रसंग सोडला तर मला गावाचं काही आठवत नव्हतं. बाकी जे आता आठवतं ते सगळं तू त्या थाळीशेजारी बसून दिलेलं आहे. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. आता बोलतोय, त्याचा उपयोग नाही.

पोटाचं दुखणं निघालं तेव्हा वीस पाखरं झाली होती. केमो सुरू झाली आणि तुझ्या बोटांच्या शेंड्यांची जाणीव गेली. चहाचा गरम कप धरून बसायचीस, कातडी लाल व्हायची तरी तुला कळायचं नाही. घडी बसली की नाही हे तुला डोळ्यांनी बघावं लागायचं. मी म्हणालो, "दे, मी घालतो घड्या." तू म्हणालीस, "तुझ्या हाताला वळण न्हाई." अंगठ्याच्या नखाने कागद दाबत राहिलीस. शेवटची दहा-बारा पाखरं वाकडी आहेत. पंख सारखे नाहीत. मी ती फोटोत सरळ केली तर तू मला परत वाकडी करायला लावलीस.

सगळ्यांच्या घरी तू कागद मागायला गेलीस. दुखण्यातसुद्धा टेम्पोत बसून वेल्ह्याच्या पलीकडे जाऊन आलीस, दौंडला दोनदा. शिवऱ्याला मात्र गेली नाहीस. भोरपासून एसटीने तासाभरावरचं गाव. तिथे धोंडूतात्यांच्या घरातलं माणूस राहतं, हे तुला ठाऊक होतं. मी म्हणायचो, चल, मी घेऊन जातो. तू म्हणायचीस, आज नको, आज अंगात त्राण न्हाई.

मग एक दिवस चित्रकलेच्या वहीतला कोरा कागद घेतलास आणि त्याचं पाखरू केलंस. चार वेळा फसलं, पाचव्यांदा झालं. "हे तात्यांचं," म्हणालीस. आवाज तू स्वतःच भरलास. मला खोलीबाहेर जायला सांगितलंस.

मी ते नंतर दुकानात ऐकलं. तू सांगितलं होतंस ते असं. गावानं ठरवलं होतं, धरणाच्या मोजणीला कुणी हात लावू द्यायचा नाही. धोंडूतात्यांनी मोजणीवाल्यांना पाणी पाजलं आणि पहिला अंगठा दिला. आण्णांनी गाव बसवून त्यांना वाळीत टाकलं. विहीर बंद, बोलणं बंद, हातभार बंद. दोन महिन्यांनी सगळ्यांनीच सह्या केल्या, आण्णांनीही केली, पण बंदी कुणी उठवली नाही. भात काढणीच्या दिवसांत तात्यांची सून पारू बाळंतपणात अडली. तुझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी, पाण्याला तुझ्याबरोबर जायची. डोंगर उतरून रस्त्यापर्यंत डोली न्यायची तर चार खांदे लागतात, घरात पुरुष दोघेच, तात्या आणि त्यांचा मुलगा. गावातला एकही माणूस उठला नाही. दोघांनी घोंगडीची झोळी करून तिला उतरवलं. वाटेतच मुलगी झाली, रस्ता लागायच्या आत पारू गेली. मुलगी जगली. "हे माझ्या वडलांनी केलं," तू म्हणाली होतीस, आण्णांचं पूर्ण नाव घेऊन. "त्यांनी सांगितलं, कुणी खांदा द्यायचा न्हाई, आन् गावानं ऐकलं."

मी गावाच्या ग्रुपवर लिंक टाकली त्याच दुपारी चुलतभाऊ रामभाऊचा फोन आला. "शालन काय बोलती हे? मेलेल्या माणसाचं नाव घेऊन?" मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. सगळे एकच म्हणत होते, एवढं पाखरू काढ, बाकी लई झ्याक झालंय. माझ्या पत्रिका, माझे फ्लेक्स, सगळं काम ह्याच माणसांकडून येतं. पण खरं सांगायचं तर मी त्यासाठी काढलं नाही. आण्णांचं नाव ऐकताना माझी मान खाली गेली होती, ती मला वर करायची होती. मी आवाज काढून टाकला. पाखरू राहू दिलं. बोट ठेवलं की ते उलगडायचं, कोरा कागद दिसायचा आणि काही ऐकू यायचं नाही.

तुला सांगितलं, फाईल खराब झाली.

तू पलंगावर बसून मोबाईल कानाशी धरलास. पुन्हा बोट ठेवलंस. पुन्हा कानाशी धरलास. मला वाटलं रागावशील. तू अगदी सावकाश बोललीस, वर्गात बोलायचीस तसं.

"दिल्या, आण्णांचाच आहेस तू. त्यांनी माणसं वाळीत टाकली, तू आवाज टाकलास."

तेव्हा मी बोललो. वंदना औषध घेऊन दारात उभी होती, तिने माझा हात धरला, तरी बोललो. "आन् तू कोण गं? त्या दिवशी दारात कोण गेलं होतं? आण्णा घरात न्हाईत, हे गऊबाईला कुणी सांगितलं?"

तुला वाटलं असेल मी लहान होतो, विसरलो. मी आण्णांच्या ताटाशेजारी बसलो होतो. पारू अडली त्या दिवशी तिची सासू गऊबाई माणसं मागायला आपल्या अंगणात आली, तिने हाक मारली. आण्णांनी घास खाली न ठेवता तुला सांगितलं, "सांग, मी घरी न्हाई." तू उठलीस. दारात जाऊन म्हणालीस, "आण्णा घरी न्हाईत." आण्णांच्या वहाणा उंबऱ्याशीच होत्या. गऊबाईने त्यांच्याकडे बघितलं. तू पण बघितलंस. मग गऊबाई म्हणाली, "बरं बाय." आणि गेली. तू आत येऊन पुन्हा वाढायला लागलीस.

हे मी चाळीस वर्षं कुणाला बोललो नव्हतो, आणि बोललो तेव्हा तुझं वजन पस्तीस किलो होतं.

 वंदनाच्या हातातलं औषध घेतलंस, भिंतीकडे तोंड करून झोपलीस. पुढचे चार दिवस मी खोलीत आलो की डोळे मिटायचीस. पाचव्या दिवशी सकाळी वंदनाने मला हाक मारली तेव्हा झालं होतं. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं ते. मी क्षमा मागायला आलो होतो असं मी लोकांना सांगू शकतो, विचारायला कोणी नाही. पण मी आलो नव्हतो. मी वाट बघत होतो, तू आधी बोलशील म्हणून.

तू गेल्यावर तुझा मोबाईल मी उघडला. आवाज भरायच्या जागी त्या चार दिवसांतल्या तीन फाईली होत्या. मला वाटलं, भरलंस. तुझं तू सांगितलंस. पहिल्या फाईलमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे. दुसरीत तू म्हणतेस, "मी, म्हंजे त्या दिवशी," आणि मग खोकला. तिसरीत तू वंदनाला पाणी मागतेस. बस. लोकांना सांगायला मला काहीतरी हवं होतं, ते तू ठेवलं नाहीस. तुझ्याकडून झालं नाही, एवढंच.

मग मी तुझा जुना आवाज पुन्हा पाखराला लावला आणि मोबाईल घेऊन शिवऱ्याला गेलो.

पारूची मुलगी सीमा तिथे हायवेच्या कडेला चहा-भज्यांचं हॉटेल चालवते. चाळिशी ओलांडलेली बाई, हातावर तेलाचे डाग. मी नाव सांगितलं, आण्णांचं सांगितलं. तिने मला बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी मोबाईल पुढे केला. तिने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि ऐकलं. संपल्यावर परत पहिल्यापासून ऐकलं. गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं.

"हा आवाज कुणाचा?"

"माझ्या बहिणीचा. शालन."

"म्हंजे दारातली."

मी मान डोलावली.

"आजीनं मला वाडवलं," ती म्हणाली. "ती लई येळा सांगायची. दारात वहाणा हुत्या. पोरगी म्हनली घरी न्हाईत. आजी म्हनायची, पोरीनं खाली बघितलं आसतं तर तिला बी दिसल्या आसत्या."

"तिनं बघितलं होतं," मी म्हणालो.

सीमाने मोबाईलकडे बोट केलं. "मग हितं सांगितलं का न्हाई त्यांनी? बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं."

"ती गेली. अठरा दिवस झाले."

"वाईट झालं. पन म्या इचारलं ते येगळं हाय." मग तिने तो कोरा कागद बोटाने मोठा करून बघितला. "आनि ह्यो कागद कुनाचा? आमच्या घरचा न्हाई."

"वहीतला. ती मागायला आली नाही."

"व्हय. न्हाई आल्या." तिने मोबाईल परत दिला आणि गॅस मोठा केला. मी निघालो तेव्हा भजी सोडता सोडता म्हणाली, "पुरं सांगा, न्हाईतर काढा."

मी दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं आणि आवाज भरला. माझा. तुझा जिथे संपतो तिथून पुढे. ताट, हाक, आण्णांचं वाक्य, तू, वहाणा. तुझं नाव घेतलं. मग माझंही सांगितलं. गऊबाई अंगणातून वळली तेव्हा मी आईकडे भातावर दूध मागितलं होतं आणि आईने वाढलं होतं. मला घास उतरला नाही असं नाही. मी पोटभर जेवलो होतो. हे तुला माहीत होतं की नाही कोण जाणे. त्या दिवशी तुझ्यावर ओरडताना हे मी गाळलं होतं. तू गाळलंस तसंच.

ते ऐकून नऊ घरांनी आपापली पाखरं काढायला लावली. साखरेच्या पुडीवाल्या म्हातारीच्या नातवाने सुद्धा. मी कुणाशी वाद घातला नाही. रामभाऊ दुकानात आला, उभ्यानेच बोलला. "बाप मेला, बहीण मेली. आता कुणाला नागडं करतूस?" त्याच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका नसरापूरला छापायला गेल्या. तुला ह्याचा आनंद झाला असता, मला माहीत आहे. मला झाला नाही. मी तसा माणूस नाही, तू म्हणायचीस तसाच आहे.

आणि परवा सीमाचा फोन आला.

"ऐकलं," ती म्हणाली. "पुरं सांगितलं तुमी."

मी म्हणालो, "तुमच्या घरचा एखादा कागद द्या. आम्ही नवीन पाखरू करतो."

"नगं. आता काढा ते."

मला कळलं नाही. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, पुरं सांगा, न्हाईतर काढा."

"म्हनले. सांगितलंत, बरं झालं. आता काढा. आमाला त्या गावात नगा बसवू. मोबाईलवर बी नगं. माजी आई तितनं निगाली ती निगाली." मागे कुणीतरी चहा मागितला. "तुमचं तुमी सांगा की. तुमच्या घरावर सांगा."

मी तात्यांचं पाखरू काढलं. त्या जागी आता पाणी दिसतं. आपल्या घराच्या पाखरावर तू आईच्या जात्यावरच्या ओव्या ठेवल्या होत्यास, मावशीने म्हटलेल्या. त्या मी उतरवल्या आणि तुझा आवाज आणि माझा आवाज तिथे लावला, एकामागोमाग. आता कुणी आपल्या घरावर बोट ठेवलं की घड्या उलगडतात आणि हे ऐकू येतं, बाकी काही नाही. तू असतीस तर हे करू दिलं असतंस का, हे मला माहीत नाही, आक्का. तू असतीस तर मी तुला विचारलंही नसतं.